डाळमिलचा पत्रा

लातूरला विमान शिकायला मी एसटीनं जात असे, आणि ती एसटी माझे वडील चालवत असत. नांदेडहून निघणारी सकाळची लातूर गाडी दादांची. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायची. मांडीवर मायनं बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, आणि पिशवीत घडी करून ठेवलेला पांढरा शर्ट, कारण लोह्याच्या पुढं जाईपर्यंत अंगावरचा कुठलाच कपडा पांढरा राहत नसे. दादा गाडीवर असताना बोलत नसत. बोलायचं काम गायकवाडमामांचं, म्हणजे त्यांच्या कंडक्टरचं. लातूरच्या स्टँडात गाडी मागं घ्यायची असली की मामा उडी टाकून खाली उतरत, पाठीमागं जात आणि पत्र्यावर थापा मारत ओरडत, ‘येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या, बास.’ मागं माणसं असत, बोचकी असत, एखादी शेळीसुद्धा असे. दादा समोरच बघत बसलेले, आणि ती एवढी मोठी गाडी नुसत्या आवाजावर मागं जायची. मामांनी ‘बास’ म्हटलं की बास. त्या दोघांचं घरी येणंजाणं फारसं नव्हतं, पण दादांनी आयुष्यात इतका विश्वास मायवर तरी ठेवला होता की नाही, मला शंका आहे.

आमचं घर नांदेडात, जुन्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत. शेजारी रशीदचाचांचं शिवणकामाचं दुकान. दोन्ही घरांत भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या मशीनचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या आवाजासारखा मुरलेला होता. माय शाळेत शिकवायची. ती घरी आली की ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, पाहुणे असले तर येसराची आमटी. भाकरी थापण्याचा आणि मशीनचा ताल कधी कधी जुळायचा, मग माय मुद्दाम हात थांबवायची आणि म्हणायची, ‘बघ, आता चाचा पण थांबतेत का.’ ते थांबत नसत. आमच्या घरात हसणं एवढंच आणि असंच होतं, हळू आणि तोंड न उघडता. आम्ही कमी बोलणारी माणसं. मी त्यातही जास्त कमी.

विमानाचं खूळ घरात आलं ते सुमनमावशीमुळे. ती मायची धाकटी बहीण, नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात. तिकडे एका गव्हाच्या गावात ती दोघं राहत आणि तिथं शेतकरीसुद्धा स्वतःचं छोटं विमान उडवतात, असं ती फोनवर सांगायची. माय म्हणायची, ‘सुमे, तुझं बोलणं लई उंच जाऊन राह्यलं.’ पण त्याच सुमारास मागासवर्गीय मुलींसाठी सरकारची एक योजना निघाली आणि लातूरच्या धावपट्टीवरच्या एका क्लबात माझं नाव लागलं. योजनेतून मिळणार होती ती फक्त सुरुवातीची शिकवणी. मावशीनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, एकटीनं उडायचं तेवढं तिथं करून घे, उरलेलं शिकायला माझ्याकडे ये. अर्धं शिक्षण घरी, अर्धं परदेशात, असं ठरलं होतं. उलटंच झालं, ते सांगते.

क्लबात विमान एकच, दोन आसनांचं, आणि शिकवणारे एकच, कॅप्टन इनामदार. उंच, ताठ, कपड्यांचे फार पक्के. शर्टाचं टोक जरा बाहेर दिसलं तर मुलाला तिथूनच परत पाठवायचे, असं आधीची मुलं सांगत. आमच्याशी बोलताना तोंड बाजूला वळवून बोलायचे, जणू आमच्याकडे सरळ बघणं त्यांना परवडत नव्हतं. विमानात मी डावीकडे, ते उजवीकडे, दोघांसमोर विमान वळवायचा सारखाच दांडा. त्यांची शिकवायची एक रीत होती. ‘बोलत राहा, कांबळे,’ ते म्हणत. जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. धावपट्टीला समांतर उडत पुढं गेलं की खाली एक डाळमिल होती. तिचा लांबलचक पांढरा पत्रा उन्हात असा चमकायचा की डोळे मिटावेत. तो पत्रा पंखाखाली आला की डावीकडे वळायचं, पुढं विहिरीजवळचं चिंचेचं झाड आलं की परत डावीकडे, मग समोर धावपट्टी.

‘पत्रा आला का?’

‘आला सर.’

‘मग वळ. झाड?’

‘आलं सर.’

‘पट्टी कुठं आहे?’

‘नाकासमोर सर. थोडी उजवीकडे.’

‘मग थोडी उजवीकडे घे. सांगायला कशाला पाहिजे?’

वर आलं की तुरीच्या डाळीचा भाजका वास विमानातही यायचा. आजही कुठं डाळ भाजत असली की माझा डावा हात आपोआप वळतो. क्लबातली सगळी मुलं असंच शिकली. वेग किती, उंची किती, क्षितिज कुठं, हे आम्हाला परीक्षेपुरतं माहीत होतं. उडायचो ते डाळमिलच्या भरवशावर.

माझ्यानंतर विक्रम आला. त्याचे वडील साखर कारखान्याचे संचालक आणि क्लबाच्या समितीवर. मुलगा वाईट नव्हता, धपाटे मागून खायचा. एके दिवशी कॅप्टन विमानातून उतरले आणि विक्रमला म्हणाले, जा, एकटा एक फेरी मारून ये. आम्ही सगळे खाली उभे. मी त्याच्या आधीपासून शिकत होते, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. विक्रम गेला, पण गडबडीत डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळला आणि आमच्या पाठीमागून फिरून आला. आम्ही मागं वळून बघत होतो. कॅप्टन मात्र डाळमिलच्या बाजूला, रिकाम्या आभाळाकडे बघत उभे. विमान त्यांच्या पाठीमागं जमिनीला टेकलं तेव्हा ते दचकले. मुलं हसली. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. मला वाटलं, राग आला.

त्यानंतर त्यांनी कुणालाच एकट्यानं सोडलं नाही, आणि पाळी माझीच होती. आज वारा आहे. आज ढग आहेत. आज विमानाचा आवाज बरोबर नाही. योजनेतली शिकवणी संपत आली. शेवटच्या आठवड्यात एक दिवस दादांना लातूरला परतीची गाडी निघेपर्यंत मोकळीक होती, म्हणून ते धावपट्टीवर आले. खाकी वर्दीतच. त्यांनी चप्पल कुंपणाच्या बाहेर काढली, मी ‘असू द्या दादा’ म्हणाले तरी काढली. मग कॅप्टनांसमोर जाऊन हात जोडून म्हणाले, ‘साहेब, पोरगी कधी सुटंल एकटी?’

कॅप्टनांनी तोंड वळवलं. ‘हिच्या हाताला जमीन कळत नाही,’ ते म्हणाले. ‘तिचा दोष नाही. तुमच्या घरात कुणी सायकलच्या पुढं काही चालवलं नसेल. हाताला हे यायला पिढ्या लागतात.’

वीस पावलांवरून मला दादांची खाकी वर्दी दिसत होती, ड्रायव्हरचा बिल्ला दिसत होता. त्यांना दिसू नये? मी दादांकडे बघितलं. आता म्हणतील, वाटलं. नांदेड-लातूर रस्त्यावरचा एकेक खड्डा ज्याच्या मनगटाला पाठ आहे तो माणूस आता काहीतरी म्हणेल. दादा म्हणाले, ‘हाव साहेब. बरोबर हाय.’ आणि चप्पल घालून निघून गेले.

परतीच्या गाडीत मी त्यांच्या मागं बसले होते. त्यांचे दोन्ही हात चाकावर, नेहमीसारखे हलके. मी त्या हातांकडे बघत लोह्यापर्यंत आले आणि तेवढ्या वाटेत मी ठरवलं की त्या कॅप्टनला मी जमिनीवर आणीन. कसं, ते माहीत नव्हतं. पण त्या वयात इतकं निश्चित दुसरं काहीच ठरवलं नाही, लग्नसुद्धा नाही.

मावशीनं तिकीट पाठवलं. निघताना रशीदचाचांनी नवा पांढरा शर्ट शिवून दिला, दुहेरी शिलाईचा. ‘ले बेटी. ये नै उसवनेका. प्लेन उसवा तो उसवा,’ ते म्हणाले. तिकडचं गाव सपाट, कोरडं, लातूरसारखंच, फक्त माणसं गायब. शिकवायला हेलन नावाची बाई होती, मावशीच्या वयाची, उन्हानं भाजलेली. पहिल्याच दिवशी मी सवयीनं बोलायला लागले. धान्याच्या कोठ्या आल्या, पाण्याची टाकी आली, पट्टी उजवीकडे आहे. आणि मधेच गप्प झाले, कारण वळायचं कुठं ते कळेना. खाली पत्राच नव्हता. मी खरंच मान वाकडी करून पत्रा शोधत होते.

हेलन म्हणाली, ‘तू कुणाला सांगतेस हे सगळं?’

‘तुम्हाला.’

‘मला कशाला? मला दिसतंय की.’

ती सहज बोलली. पुढं वेग बघ, क्षितिज बघ, खालची खूण विसर, असं सांगत राहिली. मला ऐकू येत नव्हतं. मला दिसतंय की. जो माणूस शेजारी बसून, डोळे उघडे ठेवून, पत्रा आला का असं दर वेळेला विचारतो, त्याला पत्रा दिसत नाही. उन्हात चमकणारा, डोळे दिपवणारा पत्रा. त्याला झाड दिसत नाही, पट्टी दिसत नाही, मागून येणारं विक्रमचं विमान दिसत नाही. समोर उभ्या माणसाची खाकी वर्दी दिसत नाही. म्हणून तोंड वळवायचं, नजरेतलं मधलं गेलंय आणि कडेचं थोडं उरलंय म्हणून. त्यांची ती शिकवायची रीत नव्हतीच. आम्ही पोरं त्यांचे डोळे होतो आणि आम्हाला वाटत होतं आम्ही शिकतोय.

इथं एखाद्या चांगल्या मुलीला दया आली असती. मला आनंद झाला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. विमान हवेत होतं, खाली पिवळी शेतं होती, आणि मला हसू येत होतं, कारण मला आता कसं ते कळलं होतं. त्यांनी मला एकटं सोडलं नाही ते खाली उभं राहून माझ्यावर नजर ठेवता आली नसती म्हणून, हेही त्याच क्षणी कळलं. तेवढ्यानं माझा राग जायला हवा होता. उलट वाढला. दिसत नाही, एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते बोलायची लाज वाटली म्हणून त्यांनी माझ्या बापाच्या पिढ्या काढल्या. आणि विक्रमला सोडलंच होतं ना? तेव्हाही दिसत नव्हतंच. संचालकाच्या पोरासाठी धोका पत्करला, आणि त्याची भीती माझ्यावर काढली.

हेलननं मला थोड्याच दिवसांत एकटीला सोडलं. मी उतरले तेव्हा ती कात्री घेऊन धावतच आली आणि माझ्या शर्टाचं पाठीमागचं टोक तिनं कापून घेतलं. तिकडची रीत आहे. पूर्वी म्हणे पुढच्या आसनावरच्या शिकाऊ माणसाचा शर्ट मागून ओढून गुरू सूचना द्यायचा. आता ओढायची गरज उरली नाही म्हणून शेपूट कापायचं. माझं नाव लिहून तो तुकडा तिनं भिंतीवर लावला. मी तेव्हा रडले. हेलनला वाटलं आनंदानं.

परत आले तेव्हा मायनं शर्ट धुवायला घेतला आणि तशीच उभी राहिली. ‘मितू, नवा शर्ट फाडून आणलास?’ रीत सांगितली तर म्हणाली, ‘पास झालेल्याचा शर्ट फाडतेत? मंग नापास झालेल्याचं काय करतेत?’ रशीदचाचा तर दोन दिवस बोलले नाहीत. ‘मेरी सिलाई पे कैंची चलाई उन्ने,’ एवढंच मायला म्हणाले. मग स्वतःच शर्ट मागून नेला आणि कापलेल्या जागी निळ्या कापडाचं ठिगळ लावून दिलं, कारण पांढरं संपलं होतं. मी म्हणाले, असू द्या चाचा, निळंच पाहिजे. माझ्या डोक्यात काय होतं ते चाचांना कळायचं कारण नव्हतं.

परदेशात उडलेले तास इथं धरले जात, पण लायसन्ससाठी शेवटची परीक्षा इथल्या परीक्षकाबरोबर द्यावी लागे. आमच्याकडे परीक्षक कोण, तर कॅप्टन इनामदार. मी क्लबात गेले ती शर्ट बाहेर सोडून. निळं ठिगळ पाठीमागं झेंड्यासारखं. त्यांच्या समोर उभी राहिले, पाठ फिरवून नकाशा भिंतीवर लावला, परत वळले. क्लबातला मेकॅनिक तोंडावर हात ठेवून हसला. कॅप्टन म्हणाले, ‘बरं झालं आलीस, कांबळे. तिकडं काही शिकलीस का?’ शर्टाबद्दल एक शब्द नाही. एवढीच खात्री मला करून घ्यायची होती.

परीक्षा लातूर ते नांदेड अशी होती. तिथं उतरायचं आणि परत यायचं. मी घरी सांगून ठेवलं होतं, सगळे या. दादांनी सुटी घेतली. माय, रशीदचाचा, दादा, तिघं नांदेडच्या विमानतळाच्या कुंपणाशी. हे मी मुद्दाम केलं होतं. ज्याच्यासमोर तो शब्द उच्चारला गेला त्याच्यासमोरच तो परत करायचा होता.

सगळी वाट मी छान बोलत गेले. अहमदपूर आलं सर. लोहा आलं सर. कॅप्टन खुशीत होते, मधूनमधून मान डोलवत होते. नदी दिसली सर. विष्णुपुरीच्या धरणाची भिंत दिसली सर, पाणी चकाकतंय. खरंच चकाकत होतं, गोदावरीवर ऊन पडलं होतं. मग मी म्हणाले, ‘सर, ही पट्टी माझ्यासाठी नवीन आहे. एकदा तुम्ही उतरवून दाखवा.’

‘तू उतरव. परीक्षा तुझी आहे.’

‘घाबरले सर. माझ्या हाताला जमीन कळत नाही.’

आपलं वाक्य त्यांना आठवलं का, मला कधी कळलं नाही. नाही म्हणता आलं असतं. परीक्षा रद्द, परत फिर, असं म्हणता आलं असतं. पण रेडिओवर आम्हाला उतरायची परवानगी मिळाली होती, आणि नांदेडसारख्या ठिकाणी कॅप्टन इनामदार उतरायला कचरतात हे कळणं त्यांना मरणासारखं होतं. त्यांनी दांडा धरला. ‘बरं. बोलत राहा.’

मी तोंड मिटलं.

‘पट्टी कुठं आहे?’

मला दिसत होती. नाकासमोर, थोडी डावीकडे.

‘कांबळे. पट्टी आली का?’

खाली रेल्वेचे रूळ सरकले. घरं मोठी व्हायला लागली.

‘बोल ना गं,’ ते म्हणाले. गं त्यांनी मला पहिल्यांदाच म्हटलं. आवाजात हुकूम नव्हता. त्यांनी मान पूर्ण माझ्याकडे वळवली होती, कडेच्या नजरेनं पट्टी शोधायला, आणि त्यामुळे पहिल्यांदाच आमचं तोंड समोरासमोर आलं. त्या तोंडावर सगळं होतं. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. माझं काम तिथंच झालं होतं. तिथं मी दांडा घेतला असता तर पुरे होतं. माझे हात मांडीवर होते. मी ते तिथंच ठेवले.

त्यांनी जमीन टेकायला आली असं समजून विमानाचं नाक उचललं. खाली अजून दोन पुरुष अंतर होतं. विमान हवेत थबकलं आणि दगडासारखं पडलं. पुढचं चाक दुमडलं, पंखा जमिनीला घासून वाकला, आणि आम्ही नाकावर घसरत धुळीत जाऊन थांबलो. कुणाला खरचटलंही नाही. इंजिन बंद पडल्यावर जी शांतता झाली तिच्यात कॅप्टन हात पुढं करून दाराची कडी चाचपत होते. ती त्यांच्या कोपरापाशीच होती.

लोक धावत आले तेव्हा जो तो माझ्याकडेच बघत होता. पोरगी होती, पोरीनं पाडलं, असं कुणीतरी म्हणालंही. कॅप्टनांनी मान ताठ केली आणि मोठ्यानं सांगितलं, ‘विमान माझ्या हातात होतं. तिचा काही संबंध नाही.’ चौकशीतही त्यांनी तेच सांगितलं, आणि त्यापुढं एक शब्द नाही. डोळे तपासले गेले. डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता ते पाठ करून म्हणत आले होते, ते बाहेर आलं. त्यांचं उडणं संपलं. विमान एकच होतं, म्हणून क्लबही संपला, आणि तिथं शिकणाऱ्या, माझ्यासारख्याच योजनेतून आलेल्या दोन मुली घरी गेल्या. त्यांचा मी विचारच केला नव्हता.

मी कुंपणाशी गेले. माय रडत होती, चाचा काहीतरी पुटपुटत होते. दादांनी कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली होती ती अजून सोडली नव्हती. सोडली तेव्हा बघितलं, काटे तळव्यात रुतून रक्त आलं होतं. त्या हातांसाठी मी हे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा जेवायला बसले. हातांना पट्ट्या, म्हणून माय भाकरी कुस्करून देत होती. ते म्हणाले, ‘तुला दिसत होतं?’

‘हाव.’

‘साहेबाला दिसत नव्हतं?’

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

‘तुला ठाव होतं, मंग कामून बोलली न्हाईस?’

मी म्हणाले, ‘त्यांनी तुम्हाला काय म्हटलं होतं, दादा.’

‘मला म्हटलं होतं. माझ्या ध्यानात हाय. मी तुला ते फेडायला सांगितलं होतं का?’ मग भाकरी कुस्करणारा मायचा हात त्यांनी थांबवला. ‘गायकवाडला मी एकदा लई शिव्या दिल्या होत्या. सगळ्या पॅसेंजरसमोर. दोन महिने बोलत नव्हता माझ्याशी. पर गाडी मागं घ्यायची असली की उतरायचा आणि बोलायचा. येऊ द्या, येऊ द्या. तोंड फिरवून बोलायचा, पर बोलायचा.’ ताट सरकवून ते उठले. माय म्हणाली, ‘जेवा ना.’ ते जेवले नाहीत. मला लायसन्स पुढं दुसऱ्या गावी, दुसऱ्या परीक्षकाकडे मिळालं. दादांनी ते हातात घेऊन बघितलं आणि परत दिलं. मी उडवलेलं विमान बघायला ते कधीही आले नाहीत. आता ते नाहीत.

मी विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात शिकवते. उडणं केव्हाच सुटलं. मुलं मला न बोलणाऱ्या मॅडम म्हणतात, मला ते कळतं. वर्गाच्या खिडकीतून धरणाची भिंत दिसते. दुपारी पाणी चकाकायला लागलं की मी पडदा ओढून घेते, आणि मुलांना वाटतं मॅडमना ऊन सोसत नाही.

गेल्या महिन्यात लातूरला एका लग्नाला गेले होते. कॅप्टन अजून आहेत, हे तिथं कळलं. पत्ता विचारत गेले. का गेले, ते रिक्षात बसेपर्यंत मला माहीत नव्हतं. बसल्यावर कळलं की माफी मागायला जात नाहीये, माफी ऐकायला जातेय. सुनेनं दार उघडलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, शर्ट नीट आत खोचलेला. डोळे उघडे आणि पूर्ण रिकामे. मी समोर बसले. नाव सांगायला तोंड उघडेना.

‘कोण आलंय?’ त्यांनी विचारलं. सून म्हणाली, नांदेडच्या कुणी बाई आहेत. मी अजूनही गप्पच. ते थोडा वेळ थांबले आणि मग म्हणाले, ‘कांबळे.’

‘हो सर.’

‘त्या दिवशी मुद्दाम गप्प बसलीस.’

‘हो सर.’

‘मी ओळखलं होतं.’ ते जरासे हसले. ‘मी का सोडत नव्हतो, तेही तू ओळखलं असशील.’

‘ओळखलं होतं. पण तुम्ही ते सांगितलं नाही. तुम्ही माझ्या वडिलांना दुसरंच सांगितलं. ते एसटीचे ड्रायव्हर होते, सर. वर्दीत आले होते.’

हे त्यांना माहीत नव्हतं. चेहऱ्यावरून सरळ दिसत होतं. त्यांचे ओठ हलले. मी वाट बघितली. भिंतीवरच्या घड्याळाखाली मी बसले होते आणि त्याचा आवाज मोठा मोठा होत गेला. बोला, मी मनात म्हणत होते, बोला ना. ते बोलले नाहीत. सून चहा ठेवून आत गेली.

त्यांनी कपासाठी हात पुढं केला. सुनेनं कप नेहमीपेक्षा जरा पलीकडे ठेवला असावा, कारण हात स्टुलाच्या कडेवरून फिरला आणि रिकामा मागं आला. परत गेला. बोटं कपाच्या कानापासून वीतभर अंतरावर, हवेत, काहीतरी शोधत होती. मला दिसत होतं. कप त्यांच्या उजवीकडे होता, काठोकाठ भरलेला, वाफ येत होती. हात अजून थोडा सरकला असता तर सगळा चहा त्यांच्या मांडीवर.

‘उजवीकडे सर,’ मी म्हणाले. ‘अजून. अजून येऊ द्या. बास.’

त्यांनी कप धरला. मी बोलले, हे खरं आहे, आणि कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगेन. पण त्यांचा हात पहिल्यांदा रिकामा मागं आला तेव्हाच मला बोलता आलं असतं. तेव्हा मी बोलले नाही. तो हात परत पुढं जाईपर्यंत मी बसून बघत होते, आणि मला बरं वाटत होतं.